नामदार गोखले : शाळेच्या कारभारातून शिक्षणाच्या हक्काकडे

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थापकांचे पुण्यस्मरण व्हावे, ही रीत योग्यच आहे आणि याच अंकात अन्यत्र ते झालेले आहे. प्रस्तुत लेखात मात्र ज्यांचा आपल्या शाळेशी प्रत्यक्ष संबंध कधीच आला नाही, किंबहुना ही शाळा निघण्याच्या पुष्कळ आधी ज्यांनी देह ठेवला, अशा एका पुरुषाचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. दिल्लीसारख्या परभाषिक नगरीत मूठभर मराठी कुटुंबांनी वर्गणी गोळा करून शाळा काढावी, तिच्यावर कार्यकारिणी नेमावी, जमाखर्च सभेपुढे मांडावा, सरकारी अनुदानासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि एवढे करूनही ती शाळा कोणा एकाची न होऊ द्यावी, हा शहाणपणा आपल्या वडीलधाऱ्यांना आयता सुचलेला नव्हता. सरकारी नोकरीनिमित्त आलेला कारकून असो की सांगलीकडून करोल बागेत येऊन स्थिरावलेला गलाई व्यावसायिक असो, तो हा वारसा पुण्याकडून बरोबर घेऊन आला होता. त्या वारशाचे एक शिल्पकार म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचे नाव आपल्या मुलांना दोन कारणांनी ठाऊक असते. एक, ते महात्मा गांधींचे राजकीय गुरू. दुसरे, पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाणारी त्यांच्या बालपणीच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. ती गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की येथे ती वगळण्यास हरकत नसावी. परंतु त्यांच्या आयुष्याची सुमारे अठरा वर्षे शाळा आणि महाविद्यालयाच्या फळ्यापुढे गेली, आणि आयुष्यातील सर्वांत मोठा पराभवही त्यांनी शाळेच्याच प्रश्नावर पत्करला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात चाकरीस होते; प्रथम कारकून आणि नंतर फौजदार. गोपाळरावांचे प्राथमिक शिक्षण कागलला झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते थोरले बंधू गोविंदराव यांच्यासह कोल्हापुरास गेले. १८७९ मध्ये वडील वारले. गोपाळराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. गोविंदरावांनी शिक्षण सोडले, कागलला दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठवू लागले. निम्म्याहून अधिक पगार एका विद्यार्थ्यावर आणि उरलेल्या ७ रुपयांत सारा संसार. या हिशेबाकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे, कारण पुढे तीस वर्षांनी हाच विद्यार्थी देशाच्या विधिमंडळात, दहा रुपयांहून कमी मासिक प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये असे कलम घालणार होता. ते कलम कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते.

१८८१ मध्ये मॅट्रिक, नंतर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अखेरीस मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून वयाच्या अठराव्या वर्षी, १८८४ मध्ये, ते बी. ए. झाले. पदवीधर तरुणापुढे त्या काळी सरकारी नोकरीचा वा वकिलीचा मार्ग मोकळा असे आणि भावाचे ऋण फेडावयाचे तर तो धरणेच रास्त होते. गोखल्यांनी कायद्याच्या वर्गात नाव घातलेही. परंतु १८८५ च्या आरंभी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपये वेतनावर साहाय्यक शिक्षक झाले आणि तेथील मंडळींच्या सहवासात पुढचे सारे बदलले.

ती शाळा १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी काढली होती. पुढील वर्षी गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेची घटना हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. संस्था चालविणारे निराळे आणि शिकविणारे निराळे, अशी विभागणी तेथे नव्हती. जे शिकवीत तेच आजीव सदस्य म्हणून संस्थेचे चालक असत. वीस वर्षे सेवा करण्याचे वचन, दरमहा ७५ रुपये वेतन, मागे कुटुंबासाठी ३००० रुपयांचा विमा आणि कारभारात प्रत्येकाला सारखे मत, असा तो बंध होता. मालक कोणीच नाही आणि नोकरही कोणी नाही. सरकारकडून अनुदान घ्यावयाचे, पण अभ्यासाबाहेरची हुकमत मानावयाची नाही. आज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर ज्या अनेक मराठी शिक्षणसंस्था दिसतात, त्यांच्या घटनांवर या नमुन्याची छाया आढळते. गोखले १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले.

शिक्षक म्हणून गोखले कसे होते? त्यांच्या समकालीनांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून असे दिसते की ते टिळकांसारखे विषयात मुरलेले पंडित नव्हते की आगरकरांसारखे विद्यार्थ्यांची मने पेटविणारे नव्हते. त्यांचे बळ तयारीत होते. उद्याच्या तासाचा मजकूर आदल्या रात्री जवळजवळ मुखोद्गत करून ते वर्गात जात. इंग्रजी वाङ्मय, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे जे जे विषय संस्थेच्या गरजेपायी वाट्यास आले ते ते त्यांनी शिकविले. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तक तयार केले. ते पुढे हिंदुस्थानातील अनेक शाळांत लागले, इतर भाषांत गेले आणि त्याच्या उत्पन्नाने त्यांना आयुष्यभर हात दिला. उत्तरकाळी विधिमंडळात अर्थसंकल्पातील आकड्यांची जी अचूक मांडणी करून त्यांनी भल्याभल्या अधिकाऱ्यांना निरुत्तर केले, तिचे मूळ या अंकगणिताच्या वर्गात शोधावे लागते. त्या मांडणीची शिस्त मात्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लावली. १८८७ पासून गोखले नियमाने रानड्यांकडे जात, सार्वजनिक सभेचे त्रैमासिक त्यांच्या देखरेखीखाली चालवीत आणि सरकारी अहवालांच्या जाड ग्रंथांतून आकडे वेचून निवेदने तयार करीत. एखादा आकडा चुकला तर सारे निवेदन परत लिहावे लागे.

समान मताच्या संस्थेत मतभेद अटळ असतात. हा प्रसंग आपल्यातील ज्यांनी कधी शाळेच्या कार्यकारिणीवर काम केले असेल त्यांना परका वाटणार नाही. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर काही मिळवावे की नाही, अडचणीत सापडलेल्या सदस्यास वेतनाखेरीज काही द्यावे की नाही, सार्वजनिक कामास किती वेळ द्यावा, अशा प्रश्नांवरून काही वर्षे खटके उडत होते. टिळकांचे म्हणणे असे की आपण सर्वस्व वाहण्याच्या प्रतिज्ञेने एकत्र आलो. तिच्यात सवलतीचे छिद्र पडले की नाव बुडालीच. आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सदस्य म्हणत की माणसाच्या संसाराचे मान ठेवल्याशिवाय संस्था टिकत नाही. या दोन मतांच्या मागे सामाजिक सुधारणेवरचा मोठा वाद होताच. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले आणि तेच अखेरचे निमित्त झाले. त्या वर्षअखेर टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

या वादात कोणाची बाजू खरी, यावर पुण्यात शंभर वर्षे शाई खर्ची पडली आहे. गोखल्यांचा चरित्रकार म्हणून नव्हे तर शाळेशी संबंध असलेला एक माणूस म्हणून प्रस्तुत लेखकास वाटते ते असे की तत्त्वाच्या बाबतीत टिळकांचे म्हणणे अधिक निर्मळ होते, आणि संस्था चालू ठेवावयाची तर दुसऱ्या बाजूवाचून गत्यंतर नव्हते. टिळक गेल्यावर गणिताचे तास कोणी घ्यावयाचे हा प्रश्न होता. ते गोखल्यांनी घेतले. पुढे काही वर्षे संस्थेचे चिटणीसपदही त्यांच्याकडे आले. फर्ग्युसन कॉलेजच्या नव्या इमारतीसाठी निधी गोळा करणे हे त्या काळचे त्यांचे मोठे काम होते. सुटी लागली की पिशवी घेऊन गावोगाव हिंडावयाचे, संस्थानिकांच्या दिवाणखान्यात तिष्ठावयाचे, व्यापाऱ्यांच्या पेढीवर बसावयाचे. स्वभावाने संकोची आणि मानी असलेल्या माणसाला हे काम किती जड गेले असेल, ते देणगीपुस्तक हाती घेऊन करोल बाग ते सरोजिनी नगर हिंडलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना निराळे सांगावयास नको. १८९५ मध्ये कॉलेज आजच्या जागेत गेले. त्याच वर्षी आगरकर वारले.

१८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. ती साक्ष गाजली. परंतु पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांच्या आधाराने त्यांनी तेथे जे विधान केले, ते परत आल्यावर पुराव्याअभावी सिद्ध करता आले नाही. त्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत आणि बिनशर्त माफी मागितली. देशभर त्यांची निंदा झाली. काही काळ त्यांनी सार्वजनिक सभांना जाणे कमी केले आणि ते वर्गात परतले. त्या दिवसांत शाळेचा फळा हाच त्यांचा आसरा होता असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९०२ मध्ये त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला आणि ते गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळात मुंबई प्रांताचे प्रतिनिधी म्हणून गेले. विसाव्या शतकाच्या त्या पहिल्या वर्षांतच ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. गटारे, पाणी, दिवे आणि शाळा यांचा कारभार नगरपालिकेच्या तुटपुंज्या तिजोरीतून कसा चालतो, हे त्यांनी जवळून पाहिले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षअखेर बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. या साऱ्याचा तपशील इतिहासाच्या पुस्तकांत आहे. आपण शाळेकडे वळू.

त्या काळी खेड्यातील शाळा कोण चालवीत असे? मुंबई इलाख्यात १८६० नंतर जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांकडे जाई. म्हणजे शाळेचा पैसा शेतकरीच देत होता. १८८२ च्या हंटर कमिशनने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती द्याव्यात अशी शिफारस केली. लॉर्ड रिपनच्या धोरणानुसार जिल्हा व तालुका लोकल बोर्डे १८८४ च्या कायद्याने स्थापन झाली. परंतु बोर्डात सरकारी अधिकाऱ्यांचा वरचष्मा, शिक्षक नेमणे व अभ्यास ठरविणे शिक्षण खात्याकडे आणि पैसा अपुरा. त्यामुळे बोर्डाची शाळा ही नावालाच गावाची होती. याच हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन देऊन, रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांच्या शिक्षणाची चैन चालली आहे हे दाखविले होते आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. गोखल्यांच्या विधेयकाचे कौतुक करताना त्यांच्या तीस वर्षे आधीच्या या मागणीचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. दुसरे उदाहरण बडोद्याचे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. देशी माणसांच्या खेड्यात सक्तीची शाळा चालूच शकत नाही, या आक्षेपाला हे घरचे उत्तर होते आणि गोखल्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी विधिमंडळात ठराव मांडला की प्राथमिक शिक्षण हळूहळू मोफत व सक्तीचे करण्यास आरंभ व्हावा आणि त्यासाठी योजना आखण्याकरिता एक कमिशन नेमावे. सरकारने विचाराचे आश्वासन दिले, त्यांनी ठराव मागे घेतला. त्या वर्षअखेर शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले, एवढे फळ पदरी पडले. गोखले तेवढ्यावर थांबले नाहीत. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक सादर केले.

हे विधेयक वाचताना आजही नवल वाटते ते त्याच्या सावधपणाचे. सक्ती दिल्लीहून किंवा कलकत्त्याहून लादावयाची नव्हती. आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी की नाही, हे त्या त्या नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने ठरवावयाचे होते, आणि तेही प्रांतिक सरकारची परवानगी घेऊन. ज्या भागात मुलांचा ठराविक हिस्सा आधीच शाळेत जातो तेथेच हा अधिकार मिळावयाचा होता. गोखल्यांनी त्यासाठी एक तृतीयांशाचे प्रमाण सुचविले होते. सक्ती सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती. एक मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल वा तसेच सबळ कारण असेल तर सूट. मुले शाळेत येतात की नाही हे पाहण्यासाठी स्थानिक मंडळाने हजेरी समिती नेमावयाची. या समितीने आधी पालकास समजवावयाचे आणि मगच दंडाची पायरी. गरीब पालकाला फी माफ. खर्चासाठी स्थानिक मंडळास शिक्षणकर बसविता येईल आणि एकूण खर्चाचे दोन भाग सरकारने व एक भाग मंडळाने सोसावा, अशी अपेक्षा. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने स्थानिक स्कूल बोर्डे निवडून येऊ लागली, त्यांना शाळेसाठी कर बसविण्याचा अधिकार मिळाला, आणि सर्वत्र सक्ती व्हावयास पुढे दहा वर्षे लागली. ही चाल गोखल्यांनी आपल्यापुढे ठेवली होती.

आकडेही त्यांनी मांडले. त्या वेळी देशाच्या लोकसंख्येपैकी अवघे १.९ टक्के लोक प्राथमिक शाळांत शिकत होते. सर्व मुलग्यांना शाळेत आणावयाचे तर वर्षास साधारण साडेचार कोटी रुपये अधिक लागतील, त्यांतील तीन कोटी सरकारच्या वाट्यास येतील आणि हा भारही काही वर्षांत हळूहळू वाढत जाईल, असा त्यांचा हिशेब होता. पैसा नाही असे म्हणाल तर आयात जकात पाच टक्क्यांवरून साडेसात टक्के करा, हेही त्यांनी सुचवून ठेवले. लष्करावर आणि रेल्वेवर खर्च करताना जी तिजोरी रिकामी भासत नाही ती शाळेच्या वेळीच का भासते, असा त्यामागचा प्रश्न होता.

या विधेयकातील उणिवा लपविण्याचे कारण नाही. मुली बाहेर राहिल्या होत्या. पुढे मंडळांना वाटल्यास त्यांनाही लागू करता येईल एवढीच सोय होती. ज्या अभागी तालुक्यांत शंभरांतली पाच मुलेही शाळेत जात नव्हती, ज्यांना सक्तीची आणि पैशाची सर्वांत अधिक गरज होती, तेच त्या एक तृतीयांशाच्या अटीमुळे दूर पडत होते. गोखल्यांना हे दिसत नव्हते असे नाही. विधेयक पार पडावयाचे तर विरोधकांना आक्षेपास जागा उरू नये, ही त्यांची व्यूहरचना होती. जितके मवाळ करता येईल तितके त्यांनी ते मवाळ केले, आणि तरीही ते पडले.

मधल्या वर्षभरात विधेयक लोकमतासाठी प्रांताप्रांतांतून फिरले. गोखल्यांनी स्वतः देशभर दौरे करून सभा घेतल्या. मधुमेहाने शरीर पोखरले होते. काँग्रेसने पाठिंबा दिला. बहुतेक प्रांतिक सरकारांनी विरोध नोंदविला. याच सुमारास, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीत बादशाही दरबार भरला. राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा त्या दिवशी झाली, हे प्रत्येक दिल्लीकर जाणतो. परंतु त्याच दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लक्ष रुपयांचे दान जाहीर झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. रक्कम थोडी नव्हती. तथापि दान आणि हक्क यांतला फरक येथे स्पष्ट होतो. दरबारातून मिळालेला पैसा बादशहाच्या मर्जीचा. तो यंदा मिळेल, पुढील वर्षी न मिळेल, आणि शाळा कोठे उघडावी हे सरकार ठरवील. गोखले मागत होते तो पैसा गावाने स्वतःवर बसविलेल्या कराचा आणि त्याच्या दुप्पट सरकारने कायद्याने द्यावयाचा. ज्या गावाने कर दिला त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आपोआप येतो. सरकारला खुपले ते बहुधा हेच.

१८ आणि १९ मार्च १९१२ रोजी विधिमंडळात चर्चा झाली. शिक्षण खात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. लोकांची मागणी नाही, सक्तीने असंतोष माजेल, स्थानिक मंडळे कर बसवावयास तयार होणार नाहीत, पैसा नाही. विरोधात काही हिंदी सभासदही होते, विशेषतः जमीनदार वर्गातील. शेतावर राबणारा पोरगा शाळेत गेला तर मजूर कोठून आणावयाचे, ही त्यांची खरी धास्ती होती. पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना, मझहरुल हक यांनी गोखल्यांची बाजू उचलून धरली. विधेयक निवड समितीकडे पाठवावे, एवढाच प्रस्ताव मतास टाकला होता. बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली.

पराभव ठरलेलाच होता आणि गोखल्यांना तो ठाऊक होता. उत्तराच्या भाषणात त्यांनी कटुता आणली नाही. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशानेच देशसेवा करणे आले आहे अशा आशयाचे ते बोलले. लगेच त्या वर्षअखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याची पाहणी करावयास गेले, नंतर सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या कमिशनवर काम करीत राहिले. प्रकृती ढासळत गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ४८ वर्षे. ज्या टिळकांशी पंचवीस वर्षे मतभेद चालला तेच स्मशानात त्यांच्या गौरवाचे बोलले.

विधेयक मात्र मेले नाही. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ज्या कोल्हापुरात गोखले आठ रुपयांवर शिकले त्याच कोल्हापुरात. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. त्याचा सांगाडा गोखल्यांच्या विधेयकाचाच होता. १९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आला. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. दहाची पन्नास वर्षे झाली. दिल्लीसाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा १९६० मध्ये झाला. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. कलकत्त्यातील त्या मतदानानंतर ९८ वर्षांनी.

या नव्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, शाळेचा विकास आराखडा तिने करावा आणि सरकारी निधीच्या विनियोगावर तिने लक्ष ठेवावे. गोखल्यांच्या हजेरी समितीत पालकावर पाळत होती. नव्या समितीत पालकच शाळेवर लक्ष ठेवतो. शंभर वर्षांत झालेला हा पालट लहान नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत कारभार संस्थेकडेच राहतो. आपल्यासारख्या परप्रांतातील मराठी शाळांची घडण त्यामुळे अद्यापि पुण्याच्या त्या जुन्या नमुन्याच्या जवळ आहे. वार्षिक सभेस गणसंख्या भरली नाही म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरविण्याचा आपला परिपाठ गोखल्यांना कसा वाटला असता, याची कल्पना न केलेली बरी.

केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी लागते. गोखल्यांच्या विधेयकात ते अंतर एक मैल होते. आपल्या शाळेची मुले नोएडाहून, गुरुग्रामहून, द्वारकेहून मेट्रो आणि बस बदलीत येतात. कायद्याने त्यांच्यावर एवढ्या लांबची सक्ती केलेली नाही.